खाबुऱ्यातलं बारावं खोकं

परदेशातून आलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंस? मी ओमानला गेले आणि खोकी पाहिली. पुठ्ठ्याची, खजुराची, वर लाल चिकटपट्टी आणि सही-शिक्का असलेली. त्यातही पाहायला हवी होती चोवीस, पण पाहिली तेरा. उरलेल्या अकरांचं काय झालं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. कारण माझ्या अहवालात जे छापलं गेलं, ते वाचून कुणाला काहीही कळणार नाही याची पुरेशी काळजी घेण्यात आली आहे.

मी पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकवते. फळं वाळवायची कशी आणि वाळवलेली टिकवायची कशी, हा माझा विषय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सगळीकडे दोन हजार साल लागताच संगणक बंद पडणार म्हणून घबराट होती. अशा वेळी मस्कतहून पत्र आलं, की प्रादेशिक कृषी व अन्न संशोधनात शासन आणि उद्योग यांनी हातात हात घालून एक प्रयोग केला आहे, तो तपासायला तटस्थ तज्ज्ञ म्हणून यावं. प्रयोग असा: एकाच बागेतला फर्द जातीचा खजूर घ्यायचा. अर्धा जुन्या पद्धतीने अंगणात चटईवर वाळवायचा, अर्धा कंपनीने बनवलेल्या सौर ड्रायरमध्ये. दोन्हींची बारा-बारा खोकी सहा महिने ठेवायची आणि मग उघडून कोणता चांगला टिकला ते बघायचं. माझ्या आईने गच्चीवरच्या कुरडयांवर हाच प्रयोग एका उन्हाळ्यात, समिती न नेमता, उरकला असता.

शनिवार, कुरुम

तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, त्यामुळे आठवडा शनिवारी सुरू होतो. आपल्याकडे अर्धा दिवस काम करून लोक घरी पळतात, त्या दिवशी तिथे बैठका घेतात.

मस्कतच्या कुरुम भागातल्या कार्यालयात काचेबाहेर समुद्र होता आणि काचेआत बापट. हे कंपनीचे जनरल मॅनेजर, मूळ पुण्याचे. तेवीस वर्षं आखातात काढूनही बोलताना 'आमच्याकडे' म्हणाले की डेक्कनच समजायचं. मंत्रालयाच्या वतीने नासिर होते. तरुण अधिकारी, शेतीतली परदेशी पदवी, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला भरतकामाची टोपी आणि कमालीची मृदू वाणी. सगळे त्यांना 'मुहंदिस' म्हणत, म्हणजे इंजिनियर.

"मॅडम, हे मॉडेल प्रोजेक्ट आहे," बापट म्हणाले. "गव्हर्नमेंट आणि इंडस्ट्री, शोल्डर टू शोल्डर. आमच्याकडे भारतात हे होणं शक्य नाही."

भारतात सरकारी कचेरीत आपल्याला चहाशिवाय ताटकळत ठेवतात. इथे वेलदोड्याची कॉफी पाजून ताटकळत ठेवतात, एवढा फरक मी पहिल्या दोन तासांत नोंदवला. मग फाइल आली. फाइलमध्ये तापमान आणि आर्द्रतेची मिळून दीड पानं होती आणि 'पाहणी दौरे' या सदरात फोटोंचा अल्बम होता. सहा महिन्यांत अकरा दौरे. प्रत्येक फोटोत समितीचे सदस्य चटईवर मांडी घालून बसलेले, मधे कॉफीचं भांडं आणि खजुराचं ताट. ज्याच्यासाठी हे सगळं, तो ड्रायर बहुतेक फोटोंत कडेला अर्धवट कापला गेला होता.

शेवटी नियम वाचून दाखवला. खोक्यांची सीलं मंत्रालय आणि कंपनी, दोघांच्या प्रतिनिधींसमोरच तोडायची. तोवर खोकी जागची हलवायची नाहीत. बुधवारी सगळे मिळून खाबुऱ्याच्या बागेत जाणार आणि मी नमुने घेणार असं ठरलं.

"तोपर्यंत मी बाग बघून येऊ का?" मी विचारलं.

"इन्शाल्ला," मुहंदिस हसून म्हणाले. याचा अर्थ हो असतो, नाही असतो, आणि बघू असाही असतो. मी हो धरला.

रविवार, गाला

मस्कतच्या गाला भागात गॅरेजं आणि वर्कशॉपं यांच्याखेरीज पाहण्यासारखं काही नाही, म्हणून प्रवासी तिथे जात नाहीत. मला मात्र पूर्ण ओमानमध्ये तीच जागा ओळखीची वाटली. ग्राइंडरच्या ठिणग्या, टायरचे ढीग, मल्याळी वेल्डर, आणि दर तिसऱ्या दुकानात गाडी धुणं चालू. गाडी मळकी दिसली तर इथे दंड होतो. शेतीसंशोधन करणाऱ्यांनीही शेतातून येताना धूळ आणायची नाही.

तिथे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संजय वानखेडे भेटले. अकोल्याचे मेकॅनिकल इंजिनियर, चाळिशीचे, शर्टाच्या खिशात मोजमापाचा व्हर्नियर. बागेतला ड्रायर यांनीच बनवला होता, त्याच्याच जोडीचा दुसरा इथे उभा होता. लांबोळकं बोगद्यासारखं छत, पारदर्शक पत्रा, आत जाळीचे ट्रे, टोकाला छोटा पंखा. मी वाकून एकेक सांधा पाहिला. कुठे फट नाही, कुठे धूळ शिरायला वाव नाही. एवढं नीट केलेलं काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं आणि तसं मी त्यांना सांगितलं.

"कमिटीत कोणी आत डोकावून नाही पाह्यलं मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्याच." मग म्हणाले, "एक सांगू का? तुमचा रिपोर्ट आला की मार्चमध्ये आमच्या सेक्शनचं ठरणार. प्रयोग सक्सेस झाला तर कॉन्ट्रॅक्ट पुढे, नाही तर खलास. मुलगी नववीत आहे. दहावीच्या तोंडावर तिची शाळा बदलायची म्हणजे..."

मला तटस्थ तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे मी ऐकलं नाही असं दाखवायला हवं होतं. मला ते जमलं नाही.

सोमवार, खाबुरा

वानखेड्यांच्या गाडीतून खाबुऱ्याला गेलो. बातिनाचा किनारा सपाट. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लांबवर डोंगर, मधे खजुराच्या बागा, आणि रस्त्यावर दर काही मैलांवर एक गोल चौक. एका चौकात केवढी तरी मोठी सिमेंटची कॉफीची किटली होती. आपल्याकडे चौकात पुतळे असतात. किटली बरी, तिच्या जयंतीला वाहतूक बंद ठेवावी लागत नाही.

बागेचा मालक सालिम साठीचा, वाळका, मेंदीने रंगवलेली दाढी. मजुरांच्या संगतीत शिकलेलं त्याचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा धीट होतं. त्याने आधी विहिरीचं पाणी चाखायला लावलं. खारट होतं. "समंदर अंदर आता," तो म्हणाला. पंप लावून सगळ्यांनी पाणी उपसलं आणि मोकळ्या जागेत समुद्र शिरला. लिंबाची झाडं रोगाने गेली, लसूणघास पिवळी पडली, खजूर तेवढा तग धरून होता. या माणसाकडे संशोधन करण्यासारखं बरंच होतं, पण समितीने खोक्यांचा विषय निवडला होता.

मग आम्ही खोकी ठेवलेल्या खोलीत गेलो. डाव्या बाजूला चटईवरच्या खजुराची बारा खोकी शिस्तीत रचलेली. उजव्या बाजूला ड्रायरचं एक.

"बाकीची?" वानखेड्यांनी विचारलं.

"खाया," सालिम आनंदाने म्हणाला.

"कौन खाया?"

"तुम्हारा लोग. वजारा का लोग, शरिका का लोग." म्हणजे मंत्रालयाचे आणि कंपनीचे. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. दौरा एक, खोकं एक. अकरा दौरे, अकरा खोकी. शासन आणि उद्योगाचं सहकार्य किती घट्ट होतं याचा एवढा नेमका पुरावा मी आजवर कुठल्याही प्रकल्पात पाहिलेला नाही.

वानखेडे उरलेल्या एकाचं सील तपासायला वाकले. मी सालिमला खोक्यावरचं लेबल दाखवलं. दोन भाषांत लिहिलं होतं, नमुना, उघडू नये. त्याने ते वाचलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. खोक्यावर सही कुणाची? मुहंदिसची आणि बापटची. म्हणजे माल त्यांचा. ते आपल्या दारात पाहुणे म्हणून आले, तर त्यांचाच उत्तम माल त्यांच्यापुढे ठेवायचा नाही तर काय बाजारातला ठेवायचा? एकही खोकं त्याने घरच्यांसाठी फोडलं नव्हतं. एकही दाणा त्याने स्वतः चाखला नव्हता.

"और ये?" मी चटईवाल्या बारांकडे बोट केलं.

सालिमने तोंड वाकडं केलं. "ये मेहमान को? ऐब है, मॅडम." ऐब म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. मी एका खोक्याला कान लावला. आत किडे आपापल्या कामात होते.

निष्कर्ष खोलीत समोर उभा होता. सहा महिने पाहुण्यांना वाढताना या माणसाने एकदाही चटईच्या खोक्याला हात लावला नव्हता. पण 'यजमानाने वाढलं' ही तपासणीची मान्य पद्धत नाही. मला एक खोकं हवं होतं आणि ते होतं. सालिमला मी विनवलं, हे बारावं बुधवारपर्यंत ठेवा. मला ते तपासायचं आहे.

"इन्शाल्ला," सालिम म्हणाला. मी याही वेळी हो धरला.

मंगळवार, मस्कत

सकाळी मी बापटांना फोन केला. बारावं खोकं आजच्या आज ताब्यात घ्या म्हटलं. ते म्हणाले, "नोट केलंय मॅडम. पण हलवायचं तर मिनिस्ट्रीने सांगायला हवं." मुहंदिसना फोन केला. ते फार गोड बोलले आणि म्हणाले, खोकी कंपनीची, कंपनीने विनंती करावी. पुन्हा बापट. ते मीटिंगमध्ये. असा माझा दिवस गेला. सहकार्यात प्रत्येक जण दुसऱ्याचा एवढा मान राखतो, की खोकं तसूभरही हलत नाही.

संध्याकाळी वानखेड्यांकडे जेवायला गेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीची, प्राचीची, शाळेतली बक्षिसं. त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी ज्वारीची भाकरी आणि झुणका केला होता. मस्कतमध्ये ज्वारीचं पीठ मिळवण्याची हकिकत त्यांनी सांगितली, ती आमच्या प्रयोगापेक्षा जास्त पद्धतशीर होती.

प्राची माझ्याशी मराठीत बोलायची खटपट करत होती. "मावशी, पप्पांचा तो मशीन चांगला... म्हणजे चांगलं आहे ना? स्कूलमध्ये सायन्स फेअरला मी त्याचं मॉडेल केलेली."

"केलं होतं," सुनंदाताई म्हणाल्या.

"तेच. इट वॉन सेकंड. पहिला व्होल्कॅनोला मिळाला."

वानखेडे हसले. निघताना जिन्यात म्हणाले, "मॅडम, उद्या सालिमने ते खोकं पुढे आणलं तर? त्याला सगळ्यांसमोर नको म्हणता येणार नाही. म्हातारा मानी आहे. इथे खायला नाही म्हणायची दोनच कारणं चालतात, आजारपण नाही तर रोजा."

आजारी आहे म्हटलं असतं तर मला इस्पितळात नेलं असतं. म्हणून उपास ठरला. तुम्ही प्रमुख पाहुण्या, तुम्ही खाणार नसाल तर तो तुमच्यासाठी खोकं कशाला फोडेल, असा वानखेड्यांचा हिशेब होता. मी जन्मात एकादशी धरलेली नाही. पण विज्ञानासाठी एक दिवस उपाशी राहायला मी तयार झाले.

बुधवार, पुन्हा खाबुरा

चार लखलखीत धुतलेल्या गाड्यांतून समिती आली. बाराव्या दौऱ्याला सगळ्यांत जास्त उपस्थिती होती, कारण शेवटचा होता. खजुरांच्या सावलीत चटया, उशा, संत्री, केळी, वाफाळता हलवा. सालिम नवा पोशाख करून, कमरेला खंजर लावून उभा होता. काम कॉफीनंतर, हे तर ठरलेलंच.

आणि आतून तो बारावं खोकं दोन्ही हातांवर घेऊन आला. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं आणि चाकू काढला. वानखेड्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सालिमभाई," मी हात जोडले, "आज मेरा रोजा है. मैं कुछ नहीं खाऊंगी."

सालिमचा हात तिथेच थांबला. चेहऱ्यावर आदर दाटला. त्याने चाकू मिटला, छातीवर हात ठेवला आणि खोकं उचलून परत आत न्यायला वळला. वानखेड्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मला वाटलं, पुण्याहून आल्याचं सार्थक झालं.

तेवढ्यात बापटांना कंठ फुटला. "उपास? अहो मग अडलं कुठे? खजूर उपासाला चालतो की!"

मी डोळे मोठे केले. त्यांनी त्याचा अर्थ लाज असा घेतला. "संकोच करू नका हो. आमच्याकडे साबुदाणा, शेंगदाणे, रताळं, खजूर, सगळं चालतं." आणि सालिमकडे वळून त्यांनी मदतीला धावल्यासारखं सांगितलं, "अर्बाब," म्हणजे मालक, "मॅडम का रोजा में तमर चलता है! तमर स्पेशल अलाउड!"

जगात कुठे असा उपास असेल यावर सालिमचा आधी विश्वासच बसेना. मग त्याला झालेला आनंद मी वर्णन करू शकत नाही. दुपारी, भर उन्हात, उपास असताना, पाहुणीला त्याच्या घरचा खजूर चालतो! पट्टी कापली गेली. दोन सह्या मधोमध चिरल्या. खजूर ताटात आला. तांबूस, तुकतुकीत, एकही दाणा किडलेला नाही. मुहंदिस म्हणाले, माशाल्ला. बापट म्हणाले, एक्सलंट. वीस हात पुढे झाले.

मला सालिमने स्वतः सात वेचून दिले. मी एक खाल्ला, कारण त्याची नजर माझ्यावर होती. तो उत्तम होता. सहा रुमालात बांधून पर्समध्ये टाकले. वानखेड्यांच्या वाट्याला आलेले त्यांनी हातात तसेच धरून ठेवले होते. ताट त्यांनी पुढच्या माणसाकडे सरकवलं. मला बापटांचा इतका राग आला की हलवा खाऊनच तो गिळावा लागला. हलवा उपासाला चालतो की नाही हे कुणी विचारलं नाही.

शनिवार, पुन्हा कुरुम

मी अहवालात जे घडलं ते लिहिलं. चटईची बारा खोकी बुधवारी कॉफीनंतर उघडली, ती सगळी किडलेली निघाली. ड्रायरची अकरा खोकी पाहणीसाठी आलेल्या सदस्यांनी खाल्ली, बारावं माझ्यासमोर खाल्लं, त्यात एक दाणा मीही खाल्ला. यजमानाची पसंती हा पुरावा विचारात घ्यावा आणि ड्रायर पुढे न्यावा.

सगळ्यांनी अहवाल वाचला. मग प्रकल्पाच्या इतिहासात पहिल्यांदाच शासन आणि उद्योग यांचं एकमत झालं. 'खाल्ली' हा शब्द काढायचा. मुहंदिसना 'क्षेत्रीय पातळीवर उपयोगात आली' बरं वाटलं. बापटांना 'हितसंबंधीयांच्या सहभागातून मूल्यमापन' बरं वाटलं. दोन्ही घातलं. निष्कर्ष काढण्यास पुरेसे नमुने नसल्याने प्रयोग पुढच्या हंगामात पुन्हा करावा, असं ठरलं. या वेळी खोक्यांच्या खोलीला दोन कुलपं, एक किल्ली मंत्रालयाकडे, एक कंपनीकडे. आणि प्रयोग पुन्हा व्हायचा म्हणजे ड्रायर लागणार, ड्रायर लागणार म्हणजे वानखेडे लागणार. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. प्राचीची दहावी वाचली.

खाली गाड्यांपाशी मी त्यांचं अभिनंदन केलं.

"थँक्यू मॅडम. घरी सगळे खूश होतील," ते म्हणाले. गाडीचं दार उघडून ते तसेच उभे राहिले. "पण मशीन चांगलं आहे, हे कागदावर कोणी लिहिलंच नाही ना. बारा वेळा खाल्लं, बोटं चाटली, आणि लिहिलं पुरेसे नमुने नाहीत."

मला फार वाईट वाटलं. त्यांची नोकरी त्यांच्या कामामुळे नव्हे, इतरांच्या खादाडपणामुळे टिकली होती, आणि हे त्यांना कळत होतं.

पुणे

ते सहा खजूर मी प्रयोगशाळेत तपासले. सहा दाणे म्हणजे नमुना नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. तरी तपासले. ओलावा, कीड, बुरशी, रंग, सगळं. आणि साध्या कागदावर, शिक्क्याशिवाय, माझ्या हाताने वानखेड्यांना लिहिलं: ड्रायर उत्तम आहे. खाली सही केली. त्यांनी तो कागद तसबिरींखाली लावल्याचं सुनंदाताईंनी फोनवर सांगितलं.

दीड वर्षाने मस्कतहून येणाऱ्या कुणाबरोबर एक खोकं आणि चिठ्ठी आली. वानखेड्यांनी लिहिलं होतं, की नव्या प्रयोगाची खोली अजून उघडलेली नाही. ज्या दिवशी एक किल्ली येते त्या दिवशी दुसरी येत नाही. आतला खजूर कसा आहे कुणाला ठाऊक नाही. दरम्यान सालिमने त्यांच्याकडून शुक्रवारी-शुक्रवारी स्वतःसाठी एक ड्रायर करून घेतला, मग त्याच्या मेव्हण्याने, मग शेजाऱ्यांनी. खाबुऱ्यात त्या बाजूला आता अंगणात खजूर वाळत घालणं ऐब समजतात. समिती मात्र निष्कर्षाची वाट पाहते आहे.

खोक्यावर लाल पट्टी होती आणि लेबलच्या जागी वाकड्यातिकड्या देवनागरीत प्राचीने लिहिलं होतं: "मावशी, मी दहावी पास झाली. सालिम अंकलने पाठवला आहे. हा तपासायचा नाही. खायचा आहे."

योगायोगाने त्या दिवशी एकादशी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा उपास धरला.